अडसरावरचा हात

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी यासोजी योदोला भावाकडे जेवून गेला आणि तीनच दिवसांनी परत आला. मधल्या तीन दिवसांत जग कुठल्या कुठे गेलं, हे तोकुएमोनला पुढं कितीतरी दिवस नीट जुळवून सांगता येत नसे. सांगायला बसला की तो मध्येच थांबायचा आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहायचा.

तोकुएमोन इसोगाई हा योदोच्या किल्ल्याच्या थोरल्या दरवाजावरचा शिपाई. वय त्रेपन्न. त्याचा बाप याच देवडीत बसायचा, आजाही. किल्ला तीन नद्यांच्या संगमावर, क्योतोहून ओसाकाला उतरणाऱ्या वाटेवर. जपानचा कारभार हाकणाऱ्या शोगुनच्या घराण्यानं ती वाट राखायलाच तो बांधून घेतलेला, आणि योदोचे धनी शोगुनच्या कारभारी मंडळात एदोला, त्याच्या राजधानीत, बसलेले. त्यामुळे आपण कोणाचे, हा प्रश्न तोकुएमोनला जन्मात कधी पडला नव्हता.

धाकटा यासोजी तेराव्या वर्षी कुवाना संस्थानातल्या एका घरात दत्तक गेला. धाकट्या मुलांचं तसंच व्हायचं. पण भावाभावांची माया काही पातळ झाली नाही. दोन-चार वर्षांतून एकदा तो यायचा आणि आला की घर हसतं करून जायचा. या खेपेला कुवानाची पलटण शोगुनच्या फौजेबरोबर क्योतोकडे निघाली होती आणि तळ योदोत पडला होता, म्हणून तो आला. मोचीच्या, तांदळाच्या वड्यांच्या, कढणाचे चार वाडगे त्यानं रिचवले. ओकुमेवहिनीला म्हणाला की आम्ही पंधरा हजार आहोत, ते सात्सुमा-चोशूचे बंडखोर पाच हजारही नसतील. सम्राटाच्या दरबारात अर्ज द्यायचा, कोणी आडवा आला तर बाजूला सारायचा, एवढंच काम. वहिनीनं विचारलं, बाजूला झाले नाहीत तर? तो म्हणाला, "मग तुझ्या हातचं हे कढण पाजू त्यांना. आपोआप पळतील." ओकुमेनं त्याच्या पाठीत पळी घातली. तो सेहेचाळिसाचा होऊनही ती त्याला पळीनंच मारायची.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर उत्तरेकडून तोफा ऐकू आल्या. सुरुवातीला कोणी फारसं मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी जखमी लोक यायला लागले, तेव्हा किल्ल्याच्या मुदपाकखान्यात शिपायांच्या बायकांना बोलावणं गेलं. मोठमोठ्या हंड्यांत भात चढला. जुने सुती किमोनो फाडून पट्ट्यांचे ढीग झाले. आपली फौज हटली तर योदोत येणार, इथं दम घेणार, तटाच्या आडून लढणार, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. ओकुमे पहाटेपासून भाताच्या मुठी वळत होती. हात पोळून लाल झाले होते, तरी उठली नाही.

त्या संध्याकाळी एक विचित्र बातमी आली. सात्सुमाच्या फौजेपुढं सम्राटाचं निशाण निघालंय. लाल जरीचं, वर सोन्याचा सूर्य. म्हणजे आता त्यांच्यावर गोळी झाडेल तो सम्राटाचा वैरी. देवडीतल्या लोकांनी ते ऐकलं आणि पुन्हा चिलमी भरल्या. शेकडो वर्षं कोणी न पाहिलेलं निशाण एका रात्रीत कुठून येईल, असं निहेई म्हणाला. निहेई हा तोकुएमोनचा पाळीवरचा जोडीदार, वीस वर्षांपासूनचा.

पाचव्या दिवशी सकाळी देवडीचा नायक मिनोबे आतून आला. आत कारभाऱ्यांची बैठक चालली होती. मिनोबेचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "दार कोणासाठीच उघडायचं नाही."

निहेईनं विचारलं, "कोणासाठी म्हणजे सात्सुमावाल्यांसाठी ना?"

"कोणासाठीच."

"साहेब, आपलेच लोक येतायत."

"कोण येतायत ते मला कळतं," मिनोबे म्हणाला. "दार उघडायचं नाही, आणि आतून बाहेर शब्द जाऊ द्यायचा नाही. आणा तो अडसर."

अडसर घालायला एरवी चार माणसं लागत. त्या दिवशी सहा लागली, कारण कोणाच्या हातात जोर नव्हता. एकजण तर मध्येच हसला. त्याला वाटलं, नायकाची काहीतरी चूक झालीय, थोड्या वेळानं दुसरा निरोप येईल. तोकुएमोनलाही तेच वाटलं. तो निरोपाची वाट बघत उभा राहिला.

निरोपाच्या आधी फौज आली. छोट्या पुलावरून, चिखलात, ओळी मोडलेल्या. तोकुएमोननं तटाच्या जंगीतून पाहिलं. तीन दिवसांपूर्वी छाती काढून गेलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून येत होती. पुढचे दाराशी पोचले आणि थांबले. त्यांनी हाक मारली नाही, थापही मारली नाही. नुसते उभे राहिले, कारण दार उघडतच असणार अशी त्यांची खात्री होती. मागून येणारे त्यांना भिडत गेले. मग कोणीतरी म्हणालं, झोपलेत की काय आतले.

एक अधिकारी पुढं झाला आणि त्यानं नाव, पलटण सगळं रीतसर सांगितलं. वरच्या मजल्यावरून मिनोबेनं उत्तर दिलं की धनी एदोला आहेत, त्यांच्या हुकमाशिवाय दार उघडता येत नाही. अधिकाऱ्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं. मिनोबेनंही पुन्हा तेच उत्तर दिलं. खाली एकदम शांतता झाली. शिव्या नाहीत, ओरडा नाही.

शिव्या मग आल्या. भाल्यांची टोकं दारावर आपटली. मिनोबे वरून उतरला आणि आणखी माणसं आणायला आत धावला. बाकीचे तटावर गेले होते, अडसरापाशी तोकुएमोन आणि निहेई दोघंच राहिले. तेवढ्यात थोरल्या दारातल्या लहान दिंडीच्या फळीला कोणीतरी बोटांनी टकटक केलं.

"आत इसोगाई तोकुएमोन आहे का? मी यासो. कुवानाचा यासोजी, त्याचा भाऊ."

आवाज अगदी जवळून आला. मध्ये चार बोटं जाडीची फळी होती.

"दादा, आहेस का रे? दार राहू दे, नुसती दिंडी उघड. सातजण आहेत, चालता येत नाही त्यांना. त्यांना आत घे, आम्ही बाहेर राहतो. तुझ्या त्या नायकाला म्हणावं, आम्ही भात मागत नाही."

तोकुएमोनचा उजवा हात दिंडीच्या अडसरावर होता. तो कधी तिथं गेला ते त्याला कळलं नाही. दिंडीचा अडसर एका माणसाला उचलता यायचा. रोज पहाटे तोकुएमोन तो एका हातानं काढायचा. त्यानं निहेईकडे पाहिलं.

निहेई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मी काही बघितलं नाही," तो हळू म्हणाला. "विचारलं तर तसंच सांगेन. काय करायचं ते कर, पण लवकर कर."

हेच ते, जे तोकुएमोनला पुढं कोणाला उलगडून सांगता येत नसे. नायक नव्हता. कोणी तलवार रोखली नव्हती. जोडीदारानं पाठ फिरवली होती. हात अडसरावर होता. आणि तो हात हलला नाही. भीती वाटली म्हणावं तर तसंही नाही. त्याला काहीच वाटत नव्हतं. त्यानं हाकेला ओही दिली नाही. आपल्या जागी दुसराच कोणीतरी उभा आहे आणि आपण त्याच्याकडे बघतोय, असं काहीसं.

बाहेर कोणीतरी यासोजीला खिजवलं, "कुठाय रे तुझा भाऊ? का तोही निशाण बघून पालटला?"

"आज पाळी नसेल त्याची," यासोजी म्हणाला. "असता तर उघडलं असतं."

त्याच्या आवाजात जराही शंका नव्हती.

मग पेंढा आला. तोकुएमोनला दिसलं नाही, पण ऐकू आलं. कोरडा पेंढा दाराच्या पायथ्याशी टाकल्याची खसखस, आणि कोणीतरी चकमक मागत होतं. एका अधिकाऱ्याचा आवाज म्हणाला, यांना आतल्या आत भाजा, नमकहरामांना. आणि लगेच यासोजीचा आवाज, आता दाराला पाठ लावून बोलत असावा असा: "नाही साहेब. आत माझ्या भावाचं घर आहे. त्याची बायको आत स्वयंपाक करतेय. मी लावू देणार नाही."

बाजूला हो, असं कोणीतरी म्हणालं. तो झाला नाही. तलवारीचं म्यान हाडावर बसलं की कसा आवाज होतो ते तोकुएमोनला माहीत होतं. तो आवाज त्यानं तीनदा ऐकला. फळी तीनदा थरथरली. यासोजी ओरडला नाही.

तेवढ्यात छोट्या पुलाच्या बाजूनं सात्सुमाच्या बंदुका वाजल्या आणि बाहेर एकच धावपळ उडाली. जखमींना उचला, थोरल्या पुलाकडे चला, पूल ओलांडला की जाळा. पावलांचा आवाज चिखलात बराच वेळ चालला. मिनोबे वीस माणसं घेऊन आला तेव्हा दारापलीकडे कोणी नव्हतं. गावाला आग लागली होती आणि धूर तटावरून आत येत होता. मिनोबेनं तोकुएमोनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की तू आज धन्याचं घर राखलंस. निहेईनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिनोबेनं दार उघडायचा हुकूम दिला. तोकुएमोननं विचारलं, कोणासाठी? मिनोबे म्हणाला, "बाहेर जे उभे आहेत त्यांच्यासाठी." चौघांनी अडसर काढला. तो अगदी सहज निघाला. जरीचं निशाण आत आलं, त्याच्यामागून सात्सुमाची पलटण. पेंढा अजून दाराशी तसाच पडला होता. तो तुडवत ती आली. तरुण पोरं होती, थकलेली, बोली अशी की एक अक्षर कळेना. त्यांनी कोणाला त्रास दिला नाही. अंगणात बसून त्यांनी भाताच्या मुठी खाल्ल्या. कालच्या होत्या, कडक झालेल्या, म्हणून बायकांनी त्या निखाऱ्यावर भाजून दिल्या. एका पोरानं ओकुमेला वाकून नमस्कार केला. ती तशीच उभी राहिली, हातात रिकामं ताट धरून.

त्या दिवशी दिवसभर दक्षिणेकडून, नदीपलीकडच्या हाशिमोतो गावाच्या बाजूनं, तोफा वाजत होत्या.

ओकुमेला कळायचं ते कळलंच. निहेईच्या बायकोनं सांगितलं असावं. दिवेलागणीला ती घरी आली. तिनं चूल पेटवली नाही. पोळलेले हात मांडीवर ठेवून ती नवऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "भाऊजी आले होते?"

"आले होते."

"तुम्ही होतात?"

"होतो."

ती पुढं काही बोलेल म्हणून तो थांबला. ती रडेल, निदान ओरडेल. ती त्याच्याकडे बघत राहिली, अनोळखी माणूस घरात शिरला तर बघावं तशी. मग उठली, त्याचे गवती जोडे काढले आणि उंबऱ्यावर ठेवले. "सकाळी निघा," ती म्हणाली. "सापडेपर्यंत परत येऊ नका. कसाही सापडला तरी."

सकाळी मिनोबेनं त्याला फाटकातून जाताना पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. थोरला पूल जळून गेला होता. एका कोळ्यानं होडीतून पलीकडे सोडलं. हाशिमोतो म्हणून काही उरलंच नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे काळे खांब, आणि खांबांच्या मध्ये माणसं पडलेली. थंडीनं त्यांच्या किमोनोंवर हिव गोठलं होतं. तोकुएमोननं एकेक करत तोंडं पाहिली. चाळीसपर्यंत तो मोजत होता, मग मोजायचं सोडलं. कुवानाचा बिल्ला दिसला की तो खाली बसून तोंडावरची राख पुसायचा. ज्याला आपण शोधतोय तो सापडू नये, असं म्हणत तो शोधत होता. एक बाई जळक्या घरातून भांडी उचलत होती. तिनं सांगितलं की जखमी नदीच्या खालच्या अंगाला, हिराकाता गावच्या देवळात टाकलेत, फौज पुढं ओसाकाला गेली.

आठव्या दिवशी दुपारी तो हिराकाताच्या देवळात पोचला. गाभाऱ्यासमोरच्या चटयांवर पन्नास-साठ माणसं पडली होती. एकच म्हातारा भिक्षू पाणी पाजत फिरत होता. यासोजी कोपऱ्यातल्या खांबाशी होता. डावी मांडी जाड पट्टीत, आणि डोळ्याखालून हनुवटीपर्यंत काळानिळा वळ. म्यानाचा वळ.

त्यानं तोकुएमोनला पाहिलं आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. "दादा," तो म्हणाला. "बघ, वहिनीनं पाठवलंच तुला."

तोकुएमोन त्याच्याजवळ बसला. यासोजीच बोलत राहिला, भरभर, ताप असलेल्या माणसासारखा. हाशिमोतोला त्यांनी मोर्चा बांधला होता. समोर सात्सुमा, डावीकडे नदी, आणि नदीपलीकडच्या डोंगराखाली आपल्याच मित्रांची छावणी. म्हणून डावीकडे कोणी बघतच नव्हतं. "गोळा डावीकडून आला, दादा. आम्हाला वाटलं, त्यांचा चुकून उडाला. आमचा एकजण उठला आणि हात हलवून ओरडला की आम्ही तुमचेच. दुसरा गोळा त्याच्यावर पडला." तो थांबला. "तेव्हासुद्धा आम्ही म्हणत होतो, चुकलं असेल त्यांचं."

जवळच्या चटईवरचा एकजण आढ्याकडे बघत म्हणाला की ओसाकाहून बातमी आलीय, शोगुन जहाजात बसून एदोला गेले. फौज ओसाकाच्या किल्ल्यात पोचायच्या आधीच. भिक्षू म्हणाला, खरं आहे, मीही ऐकलं. त्या माणसानं कुशीवर वळून तोंड चटईत घातलं.

यासोजीनं भावाचा हात धरला. "तुझी पाळी नव्हती त्या दिवशी, बरं झालं," तो म्हणाला. "मी वेड्यासारखा हाका मारत होतो. तू असतास तर उघडलं असतंस आणि त्यांनी तुझं डोकं उडवलं असतं. नंतर वाटेत तेच मनात यायचं. बरं झालं, नव्हतास."

तोकुएमोनला तिथंच थांबता आलं असतं. भाऊ तापात होता, जगेल की नाही ठाऊक नव्हतं. गप्प राहणं सोपं होतं आणि दयेचंही दिसलं असतं. पण एकदा गप्प राहून झालं होतं.

"मी होतो," तो म्हणाला.

यासोजीला नीट ऐकू आलं नसावं. तो तसाच हसरा बघत राहिला.

"दिंडीपाशी होतो. तू बोललास ते सगळं ऐकलं. सातजणांचंही. पेंढ्याचंही. तुला मारलं तेही."

यासोजीचा हात त्याच्या हातात तसाच होता, पण त्यातली पकड गेली. "कोणी धरलं होतं तुला?"

"कोणी नाही."

"नायक होता?"

"नव्हता. निहेई म्हणाला, उघड, मी बघत नाही."

"मग?"

"माझा हात अडसरावर होता. उचलला नाही मी. का ते मला माहीत नाही, यासो. मी शपथेवर सांगतो, मला माहीत नाही."

यासोजी त्याच्याकडे बघत राहिला. हाशिमोतोला डावीकडून गोळा आल्यावर तो असाच बघत राहिला असणार. मग त्यानं आपला हात काढून घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला. तो म्हणाला, "त्या सातांतले पाच पुलापर्यंत पोचले नाहीत."

तोकुएमोन तिथं सतरा दिवस राहिला. भिक्षूला हाताशी माणूस हवंच होतं. त्यानं पाणी भरलं, पट्ट्या उकळल्या, मेलेल्यांना मागच्या डोंगरावर पुरलं. यासोजीची मांडी पिकली तेव्हा त्याला धरून ठेवलं आणि भिक्षूनं चाकूनं शिसं काढलं. पेज त्याच्याच हातून यासोजी खायचा, मुकाट्यानं. ताप उतरला, तो बसता झाला. तो तोकुएमोनशी बोलायचाही, कामापुरतं. पण त्या दुपारनंतर त्यानं त्याला दादा म्हटलं नाही. "इसोगाई, जरा पाणी देता का," असं म्हणायचा. "तुम्ही झोपा आता." चाळीस वर्षांच्या तू-तुकारीनंतर ते तुम्ही ऐकलं की तोकुएमोनला दर वेळी कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं. तो म्हणायचा, हो, देतो.

अठराव्या दिवशी कुवानाहून यासोजीचा मेहुणा डोली घेऊन आला. तिकडेही किल्ला लढाईविना देणार अशी बोलणी चालली होती. डोलीत बसवताना यासोजीनं भावाचा खांदा धरला, कारण दुसरा आधार नव्हता. नीट बसल्यावर हात काढला.

"वहिनींच्या हातांना मलम लावायला सांगा," तो म्हणाला. "भाताच्या मुठी वळून पोळलेत म्हणालात ना."

"सांगतो," तोकुएमोन म्हणाला. आणखी काहीतरी येईल म्हणून तो डोलीबरोबर गावाच्या वेशीपर्यंत चालत गेला. पडदा बंदच राहिला.

परतताना हाशिमोतोला जळक्या खांबांवर बोरूचं छप्पर टाकून कोणीतरी चहाचं दुकान थाटलं होतं. भांडी उचलणारी तीच बाई होती. तो बाकावर टेकला. ती चहा ओतता ओतता म्हणाली, सापडला का तुमचा माणूस? तो म्हणाला, सापडला. जिवंत आहे. बरं झालं, ती म्हणाली. कुठले तुम्ही?

"योदोचा."

तिचा हात थांबला. "ज्यांनी दार लावून घेतलं, ते योदो?"

"हो," तोकुएमोन म्हणाला. "दारावर मीच होतो."

बाई किटली हातात धरून उभी राहिली. तिच्या मागं तिचं घर होतं तिथं आता आरपार नदी दिसत होती. तिनं पेला त्याच्यापुढं ठेवला, हातात दिला नाही, बाकावर ठेवला, आणि आत गेली. चहा फार कढत होता. तो निवेपर्यंत तोकुएमोन तिथं बसून राहिला.